दुप्पट आकाराचे लाकडी विमान : एक प्रयोग आणि त्याचा हिशेब

आमच्या शाळेच्या कार्यशाळेत खिडकीच्या वर एक लाकडी विमान टांगलेले आहे. माजी विद्यार्थी शाळेत आले की पहिल्यांदा त्याचीच चौकशी करतात. त्याच्या घडणीत आमच्याकडून एक चूक झाली होती. ती चूक आणि तिच्यामागचे गणित पुढील मुलांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हा लेख स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

हे विमान ‘कंट्रोल लाइन’ प्रकारचे आहे. मध्यभागी उभ्या असलेल्या चालकाच्या हातात एक मूठ असते. तिच्यापासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात आणि ‘बेलक्रँक’ नावाच्या त्रिकोणी पट्टीला जोडल्या जातात. मूठ वर-खाली कलवली की बेलक्रँक फिरते, तिची दांडी शेपटीकडील एलेव्हेटर हलवते आणि विमान चढते किंवा उतरते. विमान चालकाभोवती वर्तुळातच फिरते. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी ही पद्धत 1940 च्या सुमारास लोकप्रिय केली. आपल्याकडे ती मुख्यतः राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागामुळे रुजली. त्या विभागाची सुरुवात 1950 मध्ये मुंबई व कलकत्ता येथे झाली, आणि विमानांचे नमुने तयार करणे हा त्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

आमचा पहिला नमुना लहान होता. पंखांची लांबी 60 सेंटीमीटर, रुंदी 12 सेंटीमीटर, एकूण वजन 350 ग्रॅम. दहा मीटरच्या तारेवर तो सेकंदाला सुमारे 15 मीटर वेगाने छान फिरत असे. प्रजासत्ताक दिनाला गावकऱ्यांना लांबून दिसेल असे मोठे विमान करावे, असे ठरले. आम्ही जुन्या आराखड्याचे प्रत्येक माप दुप्पट केले. लांबी, रुंदी, फळीची जाडी, बेलक्रँकखालची पाटी, सारे काही. तारा मात्र दहा मीटरच्याच ठेवल्या, कारण आमच्या मैदानात तेवढीच जागा होती.

विमान तयार झाले आणि सर्वांना आवडले. उड्डाणाच्या दोन दिवस आधी दहावीतील एका मुलीने विचारले, “सर, ही तार हाताला किती ओढेल?” आमच्याकडे उत्तर नव्हते. मग फळ्यावर हिशेब मांडला.

सर्व मापे दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आणि त्याबरोबर वजन आठपट होते. म्हणजे पंखाचे क्षेत्र 720 वरून 2,880 चौरस सेंटीमीटर झाले. वजन मात्र 350 ग्रॅमवरून 2 किलो 800 ग्रॅमवर गेले. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार दुप्पट झाला. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुप्पट भार पेलण्यासाठी वेग सुमारे 1.4 पट, म्हणजे सेकंदाला 21 मीटर लागणार होता. तारेवरची ओढ काढण्यासाठी वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून तारेच्या लांबीने भागावे लागते. लहान विमानाची ओढ सुमारे 0.8 किलो वजनाइतकी होती. मोठ्याची निघाली जवळजवळ 13 किलो! सोळापट ओढ, आणि ती पेलणाऱ्या पाटीचा छेद केवळ चौपट. एक फेरी तीन सेकंदांत पूर्ण होणार होती; मध्ये उभ्या मुलाला भोवळ येणे निश्चित होते.

तरीही काहींना वाटले की हिशेब कागदावरचा आहे, प्रत्यक्षात चालून जाईल. म्हणून जमिनीवरच चाचणी घेतली. कलाबाजीच्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन पाहतात. आमच्या विमानाला 28 किलो ओढ सोसावी लागणार होती. विमान बांधून स्प्रिंगच्या काट्याने तारा ओढल्या. काटा अकरावर गेला आणि बेलक्रँकची पाटी स्क्रूसकट उखडून बाहेर आली. म्हणजे नेहमीच्या फेरीतली ओढसुद्धा तिने सोसली नसती. तासाला 75 किलोमीटर वेगाने सुटलेले जवळजवळ तीन किलोचे लाकूड त्या मैदानात कोणाच्या दिशेने गेले असते, हा विचार आजही आम्हाला अस्वस्थ करतो. वर्तुळाच्या कडेला पहिल्या रांगेत पाचवीची मुले बसणार होती.

त्या प्रजासत्ताक दिनाला लहान विमानच उडवले. मोठे पुन्हा पहिल्यापासून बांधले.

दुसऱ्या वेळी आधी लाकडाचा विचार केला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लाकडाला तोटा नाही. आलापल्लीच्या सागाची ख्याती सर्वदूर आहे. पण विमानासाठी साग जड पडतो. एक घन सेंटीमीटर सागाचे वजन सुमारे 0.65 ग्रॅम, काटेसावरीचे सुमारे 0.35 ग्रॅम, तर दक्षिण अमेरिकेतील बाल्साचे सुमारे 0.16 ग्रॅम असते. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ या प्रसिद्ध लाकडी विमानाच्या धडात बर्चच्या पातळ थरांमध्ये बाल्सा भरलेला होता, तो याच हलकेपणामुळे. पहिल्या प्रयत्नात आम्ही सावरीच्या सलग फळीचा पंख केला होता. एकट्या पंखाचेच वजन बाराशे ग्रॅमच्या घरात गेले होते.

नवा पंख पोकळ केला. लांबीच्या दिशेने मानवेल बांबूच्या कामट्या, आडव्या बाल्साच्या बरगड्या आणि वरून ताणलेला पातळ कागद. बांबूचा तंतू लांबीच्या दिशेने सलग असतो, म्हणून पंखाचा वाक सोसायला कामटीसारखी वस्तू नाही. ती एकसारख्या जाडीची कशी काढावी, हे आम्हाला गावातील एका बुरूड आजोबांनी शिकवले. सागही वाया गेला नाही. इंजिनाचे दोन आधार त्याचेच केले. बेलक्रँकची पाटी प्लायवूडची करून ती दोन्ही मुख्य कामट्यांना बांधून चिकटवली, म्हणजे ओढ एका जागी न राहता पूर्ण पंखात वाटली जाते.

विमानाचे वजन 1 किलो 700 ग्रॅम भरले. तारा 18 मीटरच्या घेतल्या आणि त्यासाठी गावाबाहेरचे मोठे मैदान निवडले. नव्या हिशेबाने वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर, ओढ तीन किलोच्या आत आणि एक फेरी साडेसहा सेकंदांहून थोडी अधिक. चाचणीत 17 किलोची ओढ विमानाने निमूटपणे सोसली.

पुढे हे काम करणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या भागाच्या मागे जाऊ देऊ नये. आमच्या विमानात ती मर्यादा 6 सेंटीमीटरची होती. उभे सुकाणू किंचित बाहेरच्या बाजूला वळवावे आणि बाहेरील पंखाच्या टोकाला थोडे वजन द्यावे. त्याने तारा ताठ राहतात. जोराच्या वाऱ्यात उड्डाण करू नये. सर्वांत महत्त्वाचे, विजेच्या तारांच्या जवळपासही जाऊ नये. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रामुळे आपल्या भागात उच्चदाब वाहिन्या शेतांवरून सर्वत्र गेल्या आहेत, आणि आपल्या हातातली तार पोलादाची असते. प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी ओढीची चाचणी नव्याने घ्यावी. कालची चाचणी आज धरू नये.

एप्रिलमधल्या एका सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, विमानाने पहिल्या अकरा फेऱ्या पूर्ण केल्या. मूठ त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या हातात होती. उतरल्यावर तिने प्रथम बेलक्रँकची पाटी तपासली आणि मगच टाळ्यांकडे पाहिले.

उखडलेली पहिली पाटीही आम्ही कार्यशाळेत जपून ठेवली आहे. नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला ती मुलांच्या हातात देतो आणि फळ्यावर तोच हिशेब पुन्हा मांडतो. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी कधीही यावे, विमान पाहावे, आणि मुलांनी प्रश्न विचारला तर त्यांच्यासोबत बसून तो सोडवावा, ही विनंती.