कप, कापडी पॅड की पिरियड पँटी : खरा खर्च किती?

वारंवार वापरता येणारं पाळीचं साधन घ्यायचं ठरवलं असेल, तर पाकिटावरची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. डिलिव्हरी, चुकीच्या मापाचा कप, गरज नसलेला 'वॉश', गरज नसलेलं यंत्र, यांत बाकीचे पैसे जातात. ते बहुतेक सगळे वाचवता येतात.

आधी हिशेब. एका पाळीला १५ पॅड आणि बाजारातला साधा पॅड ८ रुपयांचा धरा. महिन्याला १२० रुपये, वर्षाला १,४४०, पाच वर्षांत ७,२०० रुपये. मासिक पाळीचा सिलिकॉन कप भारतात साधारण २५० ते ५०० रुपयांना मिळतो. तो उकळायला वेगळं पातेलं घेतलं, तर आणखी दीडशे. नीट वापरला तर पाच वर्षं सहज टिकतो. काही कंपन्या दहा वर्षंही सांगतात. कापडी पॅड दुकानात किंवा ऑनलाइन १०० ते ३०० रुपयांना एक. सहा लागतात, म्हणजे साधारण १,२००. तीन वर्षांनी बदलायचे, म्हणजे पाच वर्षांत दोन संच, २,४०० रुपये. पिरियड पँटी ४०० ते १,००० रुपयांना एक आणि किमान तीन हव्यात.

पैसेच वाचवायचे असतील, तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड ऑगस्ट २०१९ पासून १ रुपयाला एक मिळतो. याच हिशेबाने पाच वर्षांत ९०० रुपये. डॉक्टरची चिठ्ठी, आधार, रेशनकार्ड काही लागत नाही. काउंटरवर मागा आणि घ्या. 'धुऊन वापरायचं ते नेहमीच स्वस्त' असं कुणी सांगत असेल, तर हा आकडा पुढे ठेवा. विकतच्या कापडी पॅडपेक्षा जनऔषधीचा पॅड स्वस्त पडतो. कप त्याहूनही स्वस्त. घरी शिवलेला कापडी पॅड सगळ्यांत स्वस्त. अडचण एवढीच, की केंद्रात कधीकधी माल संपलेला असतो. निघण्याआधी फोन करा आणि दोन महिन्यांचे एकदम घ्या. ग्रामीण भागातल्या १० ते १९ वर्षांच्या मुलींसाठी आशाताईंकडे ६ पॅडचं पाकीट ६ रुपयांना देण्याची योजना आहे. तुमच्या गावात साठा आला का, हे त्यांनाच विचारा. सॅनिटरी नॅपकिन आणि टॅम्पॉनवरचा जीएसटी जुलै २०१८ पासून शून्य आहे. बिलात या दोन्हींवर कर वेगळा लावला असेल, तर तो देऊ नका.

कोणतं साधन घ्यायचं, हे किमतीआधी पाण्यावर, जागेवर आणि कामावर ठरवा.

घरी नळ, बंद दाराची न्हाणी आणि कपडे वाळवायला ऊन असेल, तर कापडी पॅड उत्तम. पाणी टँकरने येत असेल, तर कप. तो रिकामा करून धुवायला तांब्याभर पाणी पुरतं, कापडी पॅडला बादली लागते. ऊसतोडीवर, बांधकामावर, लांबच्या एसटी ड्युटीवर किंवा दिवसभर उभ्याने काम असेल आणि जवळ शौचालय नसेल, तरीही कप; तो जास्तीत जास्त १२ तास ठेवता येतो. अट एकच, कप घालताना आणि काढताना हात साबणाने धुतलेले हवेत. हात धुवायलाही पाणी नसेल, तर त्या दिवसांपुरता १ रुपयाचा पॅडच वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

कोकणात आणि गोव्यात राहत असाल, तर पावसाळ्याचा विचार आधी करा. जुलैमध्ये जाड कापडी पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर पॅड वापरला की खाज आणि पुरळ येतं. तिथे सहाऐवजी आठ-दहा पॅड लागतील, खर्च तेवढा वाढेल. एकसंध जाड पॅडऐवजी घडी उलगडणारा पॅड घ्या, लवकर वाळतो. वाळल्यावर वरून इस्त्री फिरवा. पॅड वाळवताना वरून साडी किंवा ओढणी टाकू नका. थेट ऊन लागू द्या.

कप घेताना

माप चुकलं की पैसे गेले. शरीरात घालायची वस्तू असल्याने उघडलेला कप बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. ऑर्डर देण्याआधी 'परतीचे नियम' वाचा. पहिल्या कपाच्या मापाची बदली देणारे विक्रेते आहेत. पन्नास रुपये जास्त पडले तरी त्यांच्याकडूनच घ्या.

माप असं ठरवा. योनीमार्गे बाळंतपण झालं नसेल, तर लहान किंवा मध्यम. झालं असेल, तर मोठं. पण त्याहून महत्त्वाचं गर्भाशयमुख. पाळीच्या दिवसांत हात धुऊन बोट आत घाला. पहिल्या पेरापाशीच टणक गोल भाग लागला तर ते खाली आहे. आखूड कप घ्या, लांब कप टोचेल. बोट पूर्ण गेलं तरी लागला नाही, तर लांब कप चालेल. ही तपासणी फुकट आहे आणि विक्रेत्याच्या वयाच्या तक्त्यापेक्षा खात्रीची.

पाकिटावर 'मेडिकल ग्रेड सिलिकॉन' लिहिलेलं हवं. उत्पादकाचं नाव, पत्ता आणि एमआरपी हवी. 'अमेरिकेच्या एफडीएची मान्यता' या ओळीला भुलून जास्त पैसे देऊ नका. तिथे नोंदणी असणं म्हणजे मान्यता नव्हे. ऐंशी-शंभर रुपयांत रस्त्यावर मिळणारा, नाव-गाव नसलेला कप घेऊ नका. शरीराच्या आत तासन्‌तास राहणारी वस्तू आहे ती.

आता किटबद्दल. कपासोबत वॉश, निर्जंतुक करायचं विजेचं भांडं, पुसायचे कागद आणि डबी असा संच दुप्पट-तिप्पट दराने पुढे केला जातो. यातलं काही लागत नाही. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. तळाला टेकला तर जळतो, म्हणून तो स्टीलच्या गाळणीत ठेवून पाण्यात बुडवा आणि गॅसजवळून हलू नका. मधल्या दिवसांत साधं स्वच्छ पाणी आणि बिनवासाचा साबण पुरतो. डेटॉल, ब्लीच, व्हिनेगर नको. ठेवायला सुती पिशवी हवी. हवाबंद डबा नको.

दोन-तीन पाळ्या सवयीला द्या आणि तोवर सोबत पॅड ठेवा. हा वरचा खर्च आधीच धरा. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात कप वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींना तो पुढेही वापरायचा होता. म्हणजे तिघींपैकी एकीला तो नको वाटू शकतो. तुम्हाला जमला नाही तर सोडून द्या.

अडकला तर घाबरू नका. कप पोटात जात नाही, वर जायला वाटच नाही. उकिडवं बसा, खाली जोर लावा, दांडी ओढण्याऐवजी कपाचा तळ चिमटीत दाबून त्याची पकड सोडवा. तरीही निघाला नाही, तर १२ तास उलटण्याआधी डॉक्टरकडे जा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खाजगीत शहरानुसार चारशे ते हजार रुपये जातील. तांबी बसवली असेल, तर कप घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा. कप ओढताना तांबी सरकल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. अचानक जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या, चक्कर असं एकत्र झालं, तर कप लगेच काढा आणि थेट रुग्णालय गाठा. हे फार क्वचित होतं, पण थांबण्यासारखं नाही.

कपावर मापाच्या रेषा असतात, त्यांचा फायदा घ्या. एका पाळीत मिळून ८० मिलिलिटरहून जास्त रक्त जात असेल किंवा दर तासा-दोन तासाला कप भरत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

लग्न न झालेल्या मुलींनी कप वापरू नये, असा वैद्यकीय नियम नाही. योनीपटल ताणलं जाऊ शकतं, आणि त्यावरून कुणाच्याही चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. शाळकरी मुलीने मात्र कापडी पॅड किंवा पिरियड पँटीपासून सुरुवात केली तर सोपं जातं.

कापडी पॅड आणि पिरियड पँटी

आयएस १७५१४ हे धुऊन वापरायच्या पॅडचं आणि पिरियड पँटीचं भारतीय मानक आहे. मोठ्या कंपनीचा माल असेल तर आयएसआय खूण बघा. बचत गटाच्या मालावर ती नसेल. तिथे कापड हातात घेऊन बघा, वरचा थर सुती हवा. ऑरोव्हिलच्या इको फेमसारख्या संस्था कापडी पॅड विकतात. घरी शिवायचा तर सुती कापडाचे सहा-आठ थर आणि शिलाईचे थोडे पैसे पुरतात.

धुताना आधी थंड पाणी. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. अर्धा तास भिजवा, साबण लावा, खळखळून धुवा. कपडे मऊ करायचं द्रव घालू नका, पॅड रक्त शोषायचं थांबतो. त्यासाठीचा 'खास' साबण घेऊ नका.

घरात व्हीलचेअरवर असलेली किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली मुलगी असेल, तर पिरियड पँटीवर पैसे घाला. कडेला वेल्क्रो किंवा हुक असलेली घ्या, उभं न करता बदलता येते. सांभाळणाऱ्यांचे कष्ट कमी होतात. पाळी येणाऱ्या ट्रान्स पुरुषांसाठी बॉक्सरच्या आकाराच्याही मिळतात. दृष्टिहीन स्त्रीला कप स्पर्शाने शिकता येतो.

मुलगी शिकायला स्कॉटलंडला चालली असेल, तर बॅगेत पॅड भरू नका. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून कायद्याने ही साधनं विद्यापीठात आणि स्थानिक कौन्सिलकडे मोफत मिळतात. इंग्लंडमध्ये असा कायदा नाही, पण पिरियड पँटीवरचा व्हॅट १ जानेवारी २०२४ पासून गेला आहे.

एमआरपीहून जास्त पैसे घेतले, खोटा दावा केला किंवा सदोष माल बदलून दिला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिल आणि पाकिटाचा फोटो जपून ठेवा, दुसरी कागदपत्रं लागत नाहीत.

घरकामाच्या मावशींना, वस्तीतल्या मुलींना किंवा शाळेला कप वाटायचा विचार असेल, तर आधी त्यांना विचारा. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिका क्षेत्रात २०१९ साली 'तिंकळ' प्रकल्पात ५,००० कप मोफत दिले गेले, पण सोबत माहिती देणारी सत्रंही घेतली गेली. नुसता कप हातात दिला तर तो कपाटात पडून राहतो. त्यांच्याकडे पाणी किती वेळ येतं, दाराला कडी आहे का, पॅड वाळत घालायला जागा आहे का, हे विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर कपाच्या पैशांत जनऔषधीचे तीनशे-चारशे पॅड येतात. ते द्या.