ऐन वेळेची क्रूझ: जाहिरातीतला दर आणि खरा खर्च

मुंबई–गोवा क्रूझच्या केबिन भरल्या नाहीत, तर बोट सुटण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत दर उतरू शकतात. आठवड्याच्या मधल्या फेऱ्यांवर लक्ष ठेवा. दिवाळी-नाताळात स्वस्ताईची वाट पाहू नका. पैसे भरण्याआधी मात्र दोन गोष्टी पक्क्या करा: शेवटी किती मोजायचे आणि बंदरावर आत सोडतील का.

खरा आकडा

जाहिरातीतला दर बहुधा एका केबिनमध्ये दोघे धरून माणशी असतो. समजा, दोन रात्रींचे 15,000 रुपये. हिशोबाची रीत कळावी म्हणून धरलेले हे आकडे, दोघांसाठी:

- भाडं: 30,000
- पोर्ट चार्जेस: 5,000
- ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप), माणशी दर रात्री 500: 2,000
- कर: 3,000
- वायफाय, पेयं, गोव्यातली सहल: 8,000

एकूण 48,000, म्हणजे माणशी 24,000. एकट्याने गेलात तर दुसऱ्या बिछान्याचंही भाडं बरंचसं, कधी पूर्ण, द्यावं लागतं.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर नवे आकार उगवणं म्हणजे ‘ड्रिप प्रायसिंग’, आणि न विचारता विमा वगैरे जोडणं म्हणजे ‘बास्केट स्नीकिंग’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन्हींना मनाई आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

स्वस्त का, तेही पाहा

शेवटी उरतात त्या बहुतेक बिनखिडकीच्या ‘इनसाइड’ केबिन. ‘गॅरंटी’ केबिन घेतली तर नंबर कंपनी ठरवते. आजी-आजोबा एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या, असंही होतं. आणि या टप्प्यावर तिकीट रद्द केल्यास सहसा काहीच परत मिळत नाही.

तपासणीची तयारी

प्रवासी जहाजं आणि बंदरांची सुरक्षा 2004 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आयएसपीएस नियमावलीने बांधलेली आहे. प्रवाशांची यादी आधीच बंदराकडे जाते, म्हणून वेब चेक-इन वेळेत उरका.

- तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळवा. लग्नाआधीचं आडनाव आधारवर असेल तर तेच लिहा.
- मूळ आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या. झेरॉक्सवर विसंबू नका. पॅन कार्ड चालेलच असं धरू नका.
- सामान एक्स-रेमधून जातं. इस्त्री, किटली, सुरी, अडकित्ता घरीच ठेवा. पूजेचा कापूर आणि उदबत्तीही नको, कारण जहाजावर उघड्या ज्वाळेला बंदी असते. बाहेरची दारू काढून घेतात.
- औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा पोचतात.
- 24 आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस गेलेल्या गरोदर महिलांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तान्ह्या बाळासाठीही किमान वय विचारा.

गोव्याऐवजी लक्षद्वीपची फेरी घेतली, तर तिथे प्रवेश परवाना लागतो. कंपनी तो काढून देत असली तरी त्याला वेळ जातो. तेव्हा अगदी शेवटच्या आठवड्यात ठरवत असाल तर गोव्याचीच फेरी बरी.

कागदपत्रांअभावी बोट चुकली तर परतावा मागायला जागा उरत नाही. छुपे आकार लावले असतील, तर आधी कंपनीला ईमेल करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तो स्क्रीनशॉट घेऊन तक्रार नोंदवा.