मुद्रणालयातील कामगार : हेतुविचार व निदानपरिवर्जन

कटिशूल, मन्यास्तंभ, हातांवरील विचर्चिका अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णास आपण आहार, निद्रा, कोष्ठ यांविषयी तपशिलाने विचारतो. व्यवसायाची नोंद मात्र केसपेपरवर एका शब्दात संपते. ‘नोकरी : प्रेस’ एवढ्याने हेतूचा उलगडा होत नाही. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात, रुग्णास त्याचा व्यवसाय अवश्य विचारावा, असा आग्रह धरला होता. आपल्या शास्त्रातील हेतुपरीक्षणाचा आशय तोच आहे.

१) भारवहन व विषम स्थिती
२३ × ३६ इंची, ६० जीएसएम कागदाच्या ५०० तावांचे एक रीम सुमारे १६ किलो भरते. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या सूत्रानुसार अत्यंत अनुकूल स्थितीतही भाराची मर्यादा २३ किलो आहे. जमिनीवरून वाकून किंवा कंबर पिळून उचलताना ती आणखी खाली येते. दोन रीम एकदम उचलणारा कामगार ती सहज ओलांडतो. सायंकाळी कटिबस्ती घेऊन सकाळी पुन्हा तोच भार उचलल्यास वातप्रकोपाचा हेतू कायमच राहतो. कागद कमरेच्या उंचीवर ठेवणे, हातगाडी वापरणे, एका वेळी एकच रीम घेणे आणि कंबर न पिळता पावले वळवणे हा चिकित्सेचाच भाग समजावा. बाइंडिंग विभागात मान खाली घालून एकाच स्थितीत बसणाऱ्यांसाठी टेबलाची उंची सुधारावी व मधून मधून स्थिती बदलावी.

२) द्रावके
ऑफसेट यंत्राचे रोलर व ब्लँकेट पुसण्यासाठी रॉकेल, थिनर इत्यादी द्रावके वापरतात. त्यांनीच हात धुतल्यास त्वचेचा स्नेह नष्ट होतो. मग केवळ बाह्य लेपाने विचर्चिका कशी शमेल? हात साबणाने धुऊन नंतर खोबरेल तेल लावावे.

याहून गंभीर उदाहरण जपानमधील ओसाका येथील आहे. तेथील एका मुद्रणालयात, अपुऱ्या वायुवीजनाच्या खोलीत ब्लँकेट पुसणाऱ्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. प्रारंभी नोंदलेल्या ११ रुग्णांचे निदानसमयीचे वय २५ ते ४५ वर्षे होते. यास कारणीभूत ठरलेल्या १,२-डायक्लोरोप्रोपेन या द्रावकास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून प्रेस कामगारास कामला दिसल्यास केवळ शाखाश्रित कामला समजून औषधी देत राहू नये. यकृत तपासणी व सोनोग्राफी त्वरित करवावी.

बहुतेक द्रावकांची बाष्पे हवेहून जड असल्याने छतालगतचा पंखा पुरेसा नाही. बाष्प जेथे निर्माण होते तेथूनच ते बाहेर खेचले जावे. डबे झाकलेले असावेत व वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या धातूच्या पिंपात टाकाव्यात.

३) यंत्रापासून इजा
आत फिरणाऱ्या दोन रोलरांच्या सांध्यात बोट क्षणार्धात ओढले जाते. त्यामुळे पुसण्याचे काम यंत्र पूर्ण थांबवूनच करावे. हातमोजे द्रावकापासून रक्षण करतात, परंतु फिरत्या रोलरजवळ तेच घातक ठरतात. कटिंग मशीन दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्यावरच चालणारे असावे.

औषधनिर्मात्यांसाठी
हा विषय आपल्या फार्मसीबाहेरचा नाही. लेबल छपाई, खोक्यांची बांधणी आणि बाटल्यांवर बॅच क्रमांक उमटवणारी इंकजेट यंत्रे आपल्याकडेही असतात. त्यांच्या शाईतही बहुधा द्रावके असतात. पुरवठादाराकडून द्रावकाचे नाव व सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. नाव न सांगता दिलेला डबा स्वीकारू नये.

केसपेपरवर पुढील पाच प्रश्नांची भर घालावी : नेमके काम कोणते? किती वर्षे? किती भार? कोणते द्रावक? हवा कशी खेळते? उत्तरांवरून औषधाबरोबर कामातील एक तरी बदल लिहून द्यावा. त्यावाचून चिकित्सा अपूर्ण राहते.