पडलेल्या ड्रोनचा पंचनामा

बापू, ड्रोन पडला की पहिलं काम एकच: कोणाला बोट लावू द्यायचं नाही. वावरात दोन मिनिटांत गर्दी जमते. कोणी पाती फिरवून पाहतो, कोणी उलटं पडलेलं यंत्र सरळ करतो, आणि पुरावा गेला. आधी चारी बाजूंनी फोटो काढ. तीन मोटरींच्या पात्यांचे तुकडे झालेत आणि चौथीची शाबूत आहेत, तर ती चौथी जमिनीला टेकण्याआधीच बंद पडली असण्याची शक्यता मोठी. हे फक्त पडल्या जागीच दिसतं, दुरुस्तीच्या टेबलावर नाही.

मग बॅटरी काढ. दबलेली किंवा फुगलेली लिपो बॅटरी नंतरही पेट घेते. ती मोकळ्या मातीवर ठेव, कडब्याच्या गंजीपासून आणि गाडीपासून लांब. धूर निघत असेल तर जवळच जाऊ नको. टाकीत औषध असेल तर हातमोज्यांशिवाय हात घालायचा नाही. ‘चालू होते का पाहू’ हा मोह टाळ. आधी लॉगची, म्हणजे यंत्रानं ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीची, एक प्रत स्वतःकडे ठेव, मग यंत्र कंपनीकडे जाऊ दे. आणि अपघाताची खबर सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर ४८ तासांत द्यायची, हे २०२१ च्या ड्रोन नियमांत लिहिलेलं आहे.

आता कंपासचं. परतवाड्यापासून अचलपूर, चांदूर बाजारपर्यंत संत्र्यात, पऱ्हाटीत फवारणी करणाऱ्या पोरांना विचार, ड्रोन काहून पडला? दहातले बरेच म्हणतील, ‘कंपास एरर आला.’ स्क्रीनवर तसं आलंही असेल. पण कोलांट्या खात पडणारं यंत्र सगळ्याच बाबतीत ओरडतं: कंपास, जीपीएस, उंची, सगळं. म्हणून एरर आला का, हे विचारू नको. तो तोल जाण्याआधी आला की नंतर, हे विचार. आधी आला असेल तर तो संशयित. नंतर आला असेल तर तो फक्त साक्षीदार.

लॉग उघडला की प्रश्न याच क्रमानं विचार.

लॉग हवेतच तुटलाय का? यंत्र वीस फुटांवर असताना नोंदच संपली, तर बहुतेक वीज गेली. बॅटरीचं कनेक्टर, सोल्डर, पॉवर मॉड्यूल बघ. फवारणीच्या औषधानं जोडण्या हिरव्या पडतात, त्या आधी तपास. कंपासचा इथे काही संबंध नाही.

नोंद जमिनीपर्यंत आहे? मग कंट्रोलरनं मागितलेला झुकाव आणि खरा झुकाव, या दोन रेषा एकावर एक ठेव. कंट्रोलरमध्ये आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर असेल, तर त्याच्या लॉगमध्ये त्या ‘डिझायर्ड रोल’ आणि ‘रोल’ अशा मिळतात. दोन्ही सोबत चालत होत्या आणि एका क्षणी फाटल्या, तर ते यांत्रिक: मोटर, तिचा वेग सांभाळणारं ईएससी, पाती, मोडलेला आर्म. खात्री करायची तर मोटरींना गेलेले हुकूम बघ. चार मोटरींच्या ड्रोनमध्ये एकीला पूर्ण जोर आणि तिच्या समोरच्या कोपऱ्यातलीला अगदी कमी, असं दिसलं की जिला पूर्ण जोर दिला तीच गेलेली. कंट्रोलर तिला हाका मारत होता आणि ती ऐकत नव्हती. सोबत कंपनही बघ. आर्डूपायलटमध्ये ते ३० च्या खाली असलं तर ठीक, ६० च्या वर गेलं की यंत्र सांगतं त्या उंचीवरही भरवसा ठेवू नये.

आणि दोन्ही रेषा शेवटपर्यंत सोबत चालल्या, यंत्रानं सांगितलं तसंच केलं, तरी ते भलतीकडे गेलं? आता कंपासला बोलाव.

कंपासच्या चुकीची चाल ओळखता येते. एका जागी थांबायला सांगितलं तर ड्रोन गोल फिरू लागतो आणि प्रत्येक फेरीला गोल मोठा होतो. त्याचं कारण असं, की जीपीएस त्याला सांगतं, ‘तू पूर्वेला सरकलास, पश्चिमेला ये.’ तो येतो, पण त्याची पश्चिमच तीस-चाळीस अंश फिरलेली असते. म्हणून प्रत्येक दुरुस्ती तिरकी पडते. दुसरी खूण: रिमोटची काडी न हलवता नाक आपोआप फिरतं. तिसरी: जमिनीवर दिशा बरोबर, पण भरल्या टाकीनं वर गेला की दिशा सरकते.

ही तिसरी खूण नीट समजून घे. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४५ मायक्रोटेस्ला. एका सरळ तारेतून ५० अँपिअर गेले, तर त्या तारेपासून १० सेंटीमीटरवर १०० मायक्रोटेस्ला तयार होतात, म्हणजे पृथ्वीच्या दुपटीहून जास्त. भरल्या टाकीचा फवारणी ड्रोन याहून जास्त करंट ओढतो. म्हणून कंपास वर दांडीवर बसवतात, आणि धन-ऋण तारा एकमेकींना पिळून नेतात, म्हणजे त्यांचा परिणाम एकमेकांत विरतो. दुरुस्तीनंतर ‘नवीनच त्रास सुरू झाला’ असं कोणी म्हणालं, की पिळलेल्या तारा कोणी मोकळ्या सोडल्यात का, हे पहिलं बघायचं. आर्डूपायलटमध्ये मोटरींचा कंपासवरचा परिणाम टक्क्यांत मोजता येतो: ३० च्या आत चालतं, ६० च्या वर गेलं तर कंपासची जागाच बदलायची. कितीही कॅलिब्रेशन केलं तरी ते सुटत नाही.

मी मोजणीचा माणूस. आता गावठाणाची मोजणीही स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोननं होते, पण प्लेन टेबल आणि शंकू साखळीच्या काळात आमचाही शत्रू हाच होता: जवळचं लोखंड. आमची साखळी ३३ फुटांची आणि लोखंडी, म्हणून होकायंत्र लावताना ती आधी लांब टाकायची. अ वरून ब ची दिशा घ्यायची, मग ब वर जाऊन अ ची. दोघींत १८० अंशांचा फरक हवा. नसला तर होकायंत्र बिघडलं असं म्हणायचं नाही. दोन्हींपैकी एका जागेत खोट आहे असं समजायचं.

तेच तू कर. कॅलिब्रेशन झालं की ड्रोन हातात धरून धुऱ्याच्या सरळ रेषेवर उभा राहा, दिशा वाच. तिथेच पूर्ण उलटा फिर, पुन्हा वाच. मग दोन्ही काटकोनांत. फरक ९०-९० चा येतो का? नाही आला तर पन्नास पावलं सरकून पुन्हा. एका जागी नीट आणि दुसरीकडे चुकीचं आलं, तर जागा दोषी. दोन्हीकडे चुकीचं आलं, तर यंत्र.

जागा निवडताना ट्रॅक्टर, बैलगाडीची धाव, टिनाचं शेड, विहिरीचा सळईचा कठडा, बोअरचा पाईप, काटेरी तारेचं कुंपण, विजेच्या तारा, सगळं लांब हवं. परतवाड्यात आरागिरणीच्या आवारात तर कॅलिब्रेशन करूच नको. खिशातला मोबाईल, किल्ल्या, चाकू बाजूला ठेव. आणि आपला काळा दगडही साधा नाही. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटचे कण आहेत आणि थंड होताना त्यांनी चुंबकत्व धरून ठेवलंय. खोल काळ्या मातीत हे जाणवत नाही, पण उघड्या कातळावर, खदानीत, विहिरीच्या दगडांच्या ढिगाजवळ जाणवतं. वीज पडलेल्या माथ्यावर तर फारच.

रोज सकाळी कॅलिब्रेशन करायची सवय सोड. चांगल्या जागी एकदा केलेलं टिकतं. वाईट जागी केलेलं त्या जागेचं लोखंड यंत्राच्या डोक्यात कायमचं लिहून ठेवतं. पार्ट बदलला, अपघातानंतर दुरुस्ती झाली, फर्मवेअर बदललं, फार लांब गेलास, किंवा चार दिशांची परीक्षा चुकली, तरच कर.

हवेत ड्रोन गोल फिरू लागला तर ‘घरी परत ये’ दाबू नको. घरची वाट तो त्याच चुकलेल्या दिशेवरून काढेल. फक्त उंची धरणाऱ्या मोडवर ये. तिथे ड्रोन वाऱ्यासोबत वाहील, पण काडीचं ऐकेल. तुझ्या रिमोटला तो मोड आहे का, हे आजच बघ, आणि रिकाम्या टाकीनं पडीक वावरात हात बसव.

शेवटी वही. कारणाच्या रकान्यात ‘कंपास’ लिहिण्याआधी शेजारी लॉगमधला तो सेकंद लिही, ज्यात दिशा आधी फिरली आणि तोल नंतर गेला. तो सेकंद सापडत नसेल तर रकाना कोरा ठेव, आणि पुढचं उड्डाण रिकाम्या टाकीनंच कर.