ऑर्किडला एवढा डीएनए कशाला?

प्रश्न : आमच्या भागात सत्कार म्हटला की बुकेत जांभळी ऑर्किडं हमखास. ऑर्किडच्या पेशीत माणसापेक्षा जास्त डीएनए असतो, असं वाचलं. एवढ्याशा फुलाला तो लागतो कशाला?
– एक वाचक, क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बुकेतलं जांभळं ऑर्किड बहुधा डेंड्रोबियम. त्याच्या ज्या जातींचा जनुकसंच वाचून झाला आहे, त्यांचा डीएनए माणसाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तरी तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. ऑर्किडच्या कुळात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त डीएनए यांत तब्बल १६८ पटींचं अंतर आढळलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या पोगोनियात तर तो माणसाच्या पंधरा पटींहून जास्त!

जनुकं काही तेवढ्या पटीत वाढत नाहीत. वाढतात ते पुन्हा पुन्हा येणारे तेच ते तुकडे. त्यांतले काही स्वतःची झेरॉक्स काढून गुणसूत्रावर भलतीकडेच चिकटवतात. असे जागा बदलणारे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात सापडले. नोबेल मिळायला मात्र १९८३ साल उजाडलं. ऑर्किडचा पहिला जनुकसंच २०१४मध्ये प्रसिद्ध झाला, फॅलेनॉप्सिसचा. त्यातला ६२ टक्के भाग असल्या तुकड्यांचाच निघाला.

याला 'कचरा' म्हणायची पद्धत होती. मला ती पटत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं, तो गुणसूत्रबिंदू बहुतेक वनस्पतींत अशाच तुकड्यांच्या रांगांनी भरलेला असतो. शिवाय सारखे तुकडे दोन जागी असले की जोड्या चुकतात आणि गुणसूत्रं तुटतात, उलटतात, एकमेकांना जोडली जातात. पॅफिओपेडिलम या ऑर्किडांत गुणसूत्रं २६पासून ४२पर्यंत आहेत. २६वाल्यांत प्रत्येकाला दोन भुजा, म्हणजे एकूण ५२. जास्त गुणसूत्रांच्या बऱ्याच जातींतही भुजा मोजल्या तर ५२च! गुणसूत्रं बिंदूपाशी दुभंगली, एवढंच.

तेव्हा संख्येवरून डीएनए किती ते ओळखू नये. डेंड्रोबियमच्या बहुतेक जातींत, फॅलेनॉप्सिसमध्ये आणि आपल्या कोरड्या रानांत झाडांवर वाढणाऱ्या वांडा आमरीत, जिला रास्नाही म्हणतात, गुणसूत्रं ३८च असतात.

स्वतः पाहायची असतील तर बुकेतल्या पाकळ्या कामाच्या नाहीत. वाढत्या मुळाचं टोक लागतं. त्यासाठी रानातली आमरी मात्र ओरबाडू नका. नर्सरीतली कुंडी घ्या आणि जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटा.