यंत्राला प्रश्न कसा विचारावा?

समजा तुमच्या वर्गाला रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे निरीक्षण करायला जायचे आहे. तुम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकाला विचारता, "मांडवीची भरती केव्हा?" प्रश्न तीनच शब्दांचा, पण त्यात किती घोटाळे दडले आहेत ते पाहा.

मांडवी रत्नागिरीत आहे, मुंबईत आहे, कच्छच्या किनाऱ्यावरही आहे. गोव्याची नदी मांडवी आणि कोकण रेल्वेवरून धावणारी एक गाडीही मांडवीच! भरती समुद्राला येते, तशी पोलीस दलातही होते. आणि 'केव्हा' म्हणजे आज की रविवारी? वर्गमित्राला हे सांगावे लागत नाही, कारण सहलीचा बेत त्याला ठाऊक असतो. यंत्राला तो तुमच्या शब्दांतूनच कळायचा.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. असे सहायक अफाट मजकुरावर तयार केलेले असतात. दिलेल्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे संभवते, याचे गणित करून ते उत्तर रचत जातात. शब्द मोघम असले की शक्यता वाढतात; नेमके असले की कमी होतात.

आता तोच प्रश्न असा लिहू या :

"मी नववीत शिकतो. रत्नागिरी शहरातील मांडवी किनाऱ्यावर आज, एकादशीला, समुद्राची पूर्ण भरती सकाळी सव्वाआठला आली. उद्या सकाळी ती अंदाजे केव्हा येईल? कारण आणि आकडेमोड पाच-सहा ओळींत दाखव. माहिती अपुरी वाटल्यास तसे सांग."

यात पाच गोष्टी आल्या : विचारणारा कोण, संदर्भ कोणता, काम नेमके काय, उत्तराचे रूप कसे, आणि 'माहीत नाही' म्हणण्याची मुभा.

उत्तर आले, तरी काम संपले नाही. ते पडताळा. एका दिवसात चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकतो. त्यामुळे मांडवी पुन्हा चंद्रासमोर यायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे जास्त फिरावे लागते. म्हणजे उद्याची भरती ९ वाजून ५ मिनिटांच्या आसपास. कोकणात भरतीचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी. द्वादशी म्हणजे १२; तिची पाऊणपट ९. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच वेळ आली. यंत्राने साडेसात सांगितले असते, तर चूक लगेच ध्यानात आली असती.

मात्र एक सावधगिरी हवी. ५० मिनिटांचे अंतर रोज थोडे कमीजास्त होते, आणि वाऱ्या-वादळाचाही परिणाम होतो. शिवाय हाताशी कोष्टक नसतानाही यंत्र "८ वाजून १७ मिनिटे" असे ठासून सांगू शकते. उत्तर रेखीव आहे म्हणून ते खरे ठरत नाही. खडकांवर किंवा पाण्यात उतरण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा आणि तेथल्या मच्छीमारांना विचारा. अंदाज चुकला, तर पाण्यात यंत्र नसते, आपण असतो.

करून पाहा : "आंबा केव्हा लागतो?" या प्रश्नाचे किती अर्थ होतात ते वहीत लिहा. मग वरील पाच गोष्टी घालून तो पुन्हा लिहा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळवा आणि ती कशी पडताळता येतील, यावर वर्गात चर्चा करा.