केमोनंतरचा ताप आणि जुन्या रिपोर्टचे मोल

केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान रुग्णाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्यांपैकी जंतूंना गिळून संपवणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० पेक्षा कमी असताना आलेला ताप तातडीचा मानला जातो. कारण पेशीच नसल्यामुळे पू धरत नाही, सूज बेताचीच येते आणि ताप हीच बहुधा संसर्गाची एकमेव खूण उरते. अशा वेळी रक्ताचे कल्चर घेऊन तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे, असा दंडक आहे. मात्र जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते, हे कळायला बहुधा दोन-तीन दिवस जातात आणि तोवर औषधाची निवड अंदाजानेच करावी लागते.

या अंदाजाला आधार असतो. केमोमुळे आतड्याचे अस्तर सोलवटते आणि तेथेच मुक्काम करून असलेले क्लेब्सिएला, ई. कोलाय यांसारखे जंतू रक्तात उतरतात. त्यामुळे पूर्वीच्या कल्चरमध्ये किंवा गुदमार्गाच्या स्वॅबमध्ये औषधांना न जुमानणारा जंतू सापडला असेल, तर पुढच्या तापातही तोच असण्याची शक्यता वाढते. गेल्या तीन महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके, अतिदक्षता विभागातील मुक्काम आणि शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी हे इतर ठळक धोके होत. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही असे धोके असलेल्या, विशेषतः प्रकृती गंभीर असलेल्या रुग्णाला आरंभीच व्यापक औषध देऊन कल्चरनंतर ते आवरते घ्यावे आणि इतरांच्या बाबतीत पायरीपायरीने वर चढावे, असे सुचवले आहे.

अनुभव असा, की हा आधार नेमक्या वेळी हाताशी नसतो. दोन केमोंच्या मध्ये गावाकडच्या दवाखान्यात लघवीच्या संसर्गावर इंजेक्शने दिली जातात, डिस्चार्ज कार्डावर ‘ताप, उपचार दिले’ एवढेच लिहिले जाते, आणि ज्या रिपोर्टात मेरोपेनेमसमोर ‘आर’, म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही, असे स्पष्ट छापलेले असते तो घरीच राहतो. पुढे रात्री ताप चढतो, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहिली जाते, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर सुरू होते ते मेरोपेनेमच.

म्हणून नातेवाइकांनी प्रत्येक कल्चर रिपोर्ट, तो कितीही जुना असला तरी, केमोच्या फाइलमध्ये लावावा आणि मधल्या काळातील प्रत्येक प्रतिजैविकाचे नाव, तारीख व दिवस लिहून ठेवावेत. ताप १०१ अंश फॅरनहाइट झाला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर मेडिकलमधून गोळ्या न आणता थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी पहिला डोस देण्यापूर्वी नळीतून आणि हाताच्या शिरेतून असे दोन्हीकडचे कल्चर घ्यावे. मात्र त्यासाठी डोस लांबवू नये.

प्रतिरोधी जंतूची शक्यता वर्तवण्यासाठी धोक्यांना गुण देणारे तक्ते आणि संगणकीय प्रारूपे यांचा उपयोग होतो, पण मर्यादेत. प्रतिरोधी संसर्ग जेथे मुळात कमी, तेथे त्यांचा नकार बहुधा भरवशाचा ठरतो. होकार मात्र पुष्कळदा फसवा निघतो. शिवाय प्रतिरोधाची कारणे देशागणिक बदलतात: अमेरिकेत मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधे निकामी करणारे केपीसी विकर दीर्घकाळ प्रमुख राहिले, तर भारतात एनडीएम विकराचा प्रादुर्भाव मोठा आहे आणि केपीसीवर चालणारे सेफ्टाझिडीम-एव्हिबॅक्टम एनडीएमपुढे एकटे टिकत नाही. म्हणून बाहेरचे प्रारूप आपल्या रुग्णालयातील जंतूंच्या नोंदींवर पारखल्याशिवाय वापरू नये.

अंदाज एकदाच बांधून भागत नाही. दोन-तीन दिवसांनी कल्चर हाती आल्यावर गरज नसलेले जबर औषध आवरते घ्यावे लागते, कारण आज विनाकारण लांबवलेला प्रत्येक डोस पुढच्या तापाच्या वेळी धोक्यांच्या यादीत जमा होतो.